माडीवरच्या संगणकाचं नेट: जून-जुलै २०२५च्या नोंदी

१२ जून २०२५, गुरुवार

काल जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख होती. वहिनी गुहागर बाजारातल्या काही दुकानदारांची, होमस्टेवाल्यांची आणि एका आंबा कॅनिंगवाल्यांची विवरणपत्रं माडीवर बसून भरतात. संध्याकाळी ओटीपी टाकायच्या ऐन वेळी पान अडकलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि तेवढ्यात गिऱ्हाइकांचे फोन. "भाऊजी, दिवसभर नीट चालतं आणि नेमकं हवं तेव्हाच जातं," असं त्या रात्री जेवताना म्हणाल्या. पाऊस आला की नेट जायचंच, त्यात शोधायचं काय, असं बाबांचं म्हणणं. यंदा पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन बसला, त्यामुळे कुरबूरही लवकर सुरू झाली.

मला हे असं सोडून द्यायचं नाही. नेट हवेत तुटत नाही, कुठल्यातरी एका जागी तुटतं, आणि ती जागा सापडते. वहिनींच्या कामाला तारखा बांधलेल्या आहेत, दर महिन्याची ११ आणि २०. ११ जुलैच्या आत हे निस्तरायचं म्हणून ही वही घातली.

एका वेळी एकच बदल करायचा आणि वेळ घड्याळात बघून लिहायची, एवढे दोन नियम. "मघाशी" किंवा "दुपारी कधीतरी" असं लिहिलेलं पुढे काही कामाला येत नाही. वहिनींनाही एक डायरी दिली आहे. नेट गेलं की वेळ, तेव्हा काय करत होत्या, पाऊस होता का, वीज होती का, आणि परत कसं आलं, एवढंच त्यात लिहायचं.

१३ जून, शुक्रवार

आधी सगळी मांडणी कागदावर काढली.

फायबर रस्त्यावरच्या खांबावरून ओटीवर येतो. तिथे फायबरची डबी, म्हणजे ओएनटी, आणि शेजारी राउटर. दोन्ही इन्व्हर्टरवर. राउटरमधून निघालेली केबल ओटीच्या खिडकीतून बाहेर पडते, पडवीच्या कौलांखालून वाशांच्या कडेने जाते, भिंतीवरून वर चढते आणि माडीच्या खिडकीतून संगणकापर्यंत पोचते. अंदाजे पंचवीस मीटर. वाय-फायवर भागलं असतं तर केबल लागलीच नसती, पण घर चिऱ्याचं. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघराच्या पलीकडे जात नाही, आणि २.४ चा माडीवर पोचतो तो एखादी कांडी दाखवण्यापुरता.

संगणकावर विंडोज १०, नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरचंच, इंटेलचं. प्रिंटर संगणकाला यूएसबीने जोडलेला आहे, शिवाय बाबांना फोनवरून प्रिंट काढता यावी म्हणून वाय-फायवरही. घरच्या नेटवर्कवरचे पत्ते असे: राउटर १९२.१६८.१.१, वहिनींचा संगणक १९२.१६८.१.५, माझा लॅपटॉप १९२.१६८.१.८.

१४ जून, शनिवार

पहारा बसवला. संगणकावर पॉवरशेलच्या, म्हणजे आज्ञा टंकायच्या, तीन खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. एक राउटरला पिंग करते, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघते. दुसरी ट्रेसर्टमध्ये (वाटेतली यंत्रं ओळीने दाखवणारी आज्ञा) राउटरनंतर जो पत्ता दिसतो त्याला, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या यंत्राला. तिसरी ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरला. साधा पिंग प्रत्येक ओळीपुढे वेळ छापत नाही आणि वेळेशिवाय या नोंदीला अर्थ नाही, म्हणून दर सेकंदाला एक पिंग करून तारीख-वेळेसकट ओळ फाइलमध्ये लिहिणारी छोटी आज्ञावली केली. तीच माझ्या लॅपटॉपवरही चालू आहे. लॅपटॉप ओटीवर, राउटरला हातभर लांबीच्या केबलने जोडलेला. दोन्हींची घड्याळं जुळवून घेतली.

दोन यंत्रं यासाठी की एकट्या संगणकाच्या नोंदीवरून दोष कुणाचा ते कळत नाही. दोन्हींचं ८.८.८.८ एकाच क्षणी तुटलं आणि राउटर उत्तर देत राहिला, तर दोष घराबाहेर. लॅपटॉप ठीक आणि संगणकालाच राउटर दिसेनासा झाला, तर दोष त्या पंचवीस मीटरमध्ये किंवा संगणकात. पिंग सगळे चालू आणि संकेतस्थळं मात्र उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधण्यात, म्हणजे डीएनएसमध्ये काहीतरी. पुढचं सगळं शोधकाम या वाटणीवर उभं राहणार आहे.

१६ जून, सोमवार

उघडीप. नोंद स्वच्छ. काल दुपारी दोन्ही यंत्रांवर राउटरच्या पुढचं सगळं एकदम गेलं आणि मिनिटभरात आलं. ते बाहेरचं. असं अधूनमधून होणारच, वहिनींच्या तक्रारीत ते धरत नाही.

१७ जून, मंगळवार

बाहेरची बाजू एकदाची तपासून बाजूला ठेवावी म्हणून ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहिली. उणे २१ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप). जीपॉनच्या, म्हणजे घरोघरी येणाऱ्या या फायबर पद्धतीच्या, नेहमीच्या बी-प्लस वर्गात उणे ८ ते उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे आपल्याकडे भरपूर वाव आहे. फायबर जुळल्याचा (पॉनचा) हिरवा दिवा स्थिर, सिग्नल गेल्याचा (एलओएसचा) लाल दिवा बंद. तक्रार केंद्राला फोन करायची गरज नाही.

१९ जून, गुरुवार

पहाटेपासून झड लागली आहे आणि आज पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं.

सकाळी १०:४१ ला संगणकाच्या तिन्ही खिडक्यांत उत्तरं थांबली. चारेक सेकंदांनी परत आली. १०:४४ ला पुन्हा, १०:५२ ला पुन्हा. त्याच वेळी लॅपटॉपवर एकही पिंग चुकला नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकाच्या घडामोडींच्या वहीत, सिस्टिम या भागात, त्याच सेकंदांना नेटवर्क कार्डाची नोंद क्रमांक २७: जोडणी तुटली. संगणक सुरू होताना किंवा झोपेतून उठतानाही ही नोंद पडते, तेवढ्या वगळल्या. उरलेल्या सगळ्या खऱ्या.

आणखी एक. दुपारी जोडणीच्या खिडकीत वेग पाहिला तर १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट. ही फार मोलाची खूण. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. चारांतली एखादी जोडी खराब असली की गिगाबिटवर जुळवणी जमत नाही, आणि कार्ड शेवटी खाली येऊन १०० वर जुळतं. म्हणजे कार्ड स्वतःच सांगतंय की केबलमध्ये काहीतरी धड नाही.

चार सेकंदांच्या खंडाने एवढा गोंधळ का, असं वहिनींनी विचारलं, आणि ते विचारण्यासारखंच आहे. वाटेत कुठे चार सेकंद अडलं तर संकेतस्थळाशी सुरू असलेला संवाद सहसा तग धरतो, हरवलेलं पुन्हा पाठवलं जातं. पण संगणकाच्या स्वतःच्या केबलचीच जोडणी तुटली की विंडोज त्या कार्डावरचा पत्ताच काढून घेतं. त्या पत्त्यावर चाललेले संवाद तिथेच संपतात. केबल परत जुळते, पत्ता परत येतो, पण अर्धवट भरलेलं पान अधांतरी राहतं.

२० जून, शुक्रवार

जीएसटीआर-३बी ची, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्राची, तारीख. काही झालं तरी वहिनींचं काम अडू नये म्हणून माझा फोन यूएसबीने संगणकाला जोडायच्या तयारीत ठेवला होता. बरं झालं. दुपारी ४:२० ला नेट गेलं.

पण हे कालचं नव्हे. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं. जोडणीचा वेग १ गिगाबिट. कार्डाशेजारचा दिवा स्थिर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २७ ची एकही नोंद नाही. तरीही राउटरला केलेले पिंग जातात आणि उत्तर येत नाही, एखादं येतं आणि पुन्हा शांत. लॅपटॉप मजेत चालू. वहिनींनी फोनवरून काम उरकलं आणि नंतर संगणक बंद करून चालू केला, तेव्हा आलं.

एका तक्रारीत दोन वेगळे बिघाड आहेत असं दिसतंय. आजवर जे कुणी बघायला आलं त्याने एकच कारण शोधलं असणार, आणि एका कारणात हे सगळं बसत नाही.

२१ जून, शनिवार

मित्राने फोनवर सुचवलं: ड्रायव्हर नवा घाल, कार्डाचं पॉवर सेव्हिंग बंद कर, नेटवर्क रीसेट मार. हे उपाय वाईट नाहीत, पण आत्ता करणार नाही. आत्ता दोन्ही बिघाड आपापल्या खुणा ठळकपणे दाखवतायत. ड्रायव्हर बदलला आणि आठवडाभर पाऊसच पडला नाही, तर बरं झालं ते ड्रायव्हरने की उघडिपीने हे कुणालाच सांगता येणार नाही.

२२ जून, रविवार

सकाळी चहाच्या वेळी वहिनींची डायरी आणि माझ्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. एका कागदावर दोन रकाने. "अ" रकान्यात पाऊस असताना पडलेले खंड: २७ ची नोंद आहे, चार-पाच सेकंदांचे आहेत, पण एकामागून एक येतात. "आ" रकान्यात बाकीचे: पाऊस असो-नसो, २७ ची नोंद नाही, आणि संगणक किंवा राउटर बंद-चालू करेपर्यंत चालतात.

"आ" रकाना वाचता वाचता वहिनीच थांबल्या. "भाऊजी, हे बघा. या सगळ्यांत मी प्रिंट काढत होते. कधी चलान, कधी पोच. गिऱ्हाइकाला कागद हातात लागतो ना." डायरीत "काय करत होते" हा रकाना नसता तर हे कधीच पुढे आलं नसतं. प्रिंटर यूएसबीवर चालतो, कागद व्यवस्थित बाहेर येतो, त्यामुळे नेटच्या भानगडीत त्याचं नाव कुणी घेणार नाही.

पण तो वाय-फायवरही आहे. लगेच इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि या वेळी २७ सोडून टीसीपीआयपीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या कारभाराच्या, नोंदी चाळल्या. क्रमांक ४१९९. २० जूनला, ४:१९ ला. "१९२.१६८.१.५ या पत्त्यावर दुसरं यंत्र आढळलं," अशा अर्थाची ओळ, आणि पुढे त्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच मिळालेला त्याचा क्रमांक. "आ" रकान्यातल्या वेळांच्या आगेमागे अशाच नोंदी. मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. ती प्रिंटरचीच कंपनी.

२३ जून, सोमवार

अंदाज पुरेसा नाही, पुरावा हवा. वहिनींचं काम नसताना दुपारी तपासलं.

प्रिंटर बंद ठेवून लॅपटॉपवर एआरपीचा तक्ता, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र आहे त्याची यादी, पाहिला: १.५ (म्हणजे १९२.१६८.१.५) पुढे संगणकाचा मॅक. प्रिंटर चालू केला, तो वाय-फायवर येईपर्यंत थांबलो, परत पाहिला: १.५ पुढे प्रिंटरचा मॅक. थोड्या वेळाने पुन्हा संगणकाचा. मग संगणकाची केबल सरळ काढून टाकली आणि लॅपटॉपवरून १.५ ला पिंग केलं. केबल टेबलावर मोकळी पडलेली आणि १.५ कडून उत्तरं येतच राहिली. याहून स्पष्ट साक्ष मिळणार नाही.

प्रिंटरच्या बटणावरून त्याच्या सेटिंगचा कागद काढला. पत्ता "हाताने दिलेला", १९२.१६८.१.५. घरात आधीचा राउटर होता तेव्हा बसवणाऱ्याने तो ठरवून दिला असणार. नवा राउटर १.२ पासून पुढचे सगळे पत्ते स्वतः वाटतो. प्रिंटर बहुतेक वेळ बंदच असतो, त्यामुळे राउटरला १.५ मोकळा दिसला आणि त्याने तो संगणकाला दिला. एका गल्लीत दोन घरांना एकच क्रमांक असला की पोस्टमन शेवटी ज्याने हाक मारली त्याच्या हातात टपाल देतो, तसं राउटरचं होतं. प्रिंटर जागा झाला की "१.५ म्हणजे मी" असं सगळ्यांना कळवतो, राउटर तसं टिपून घेतो, आणि संगणकाकडे जायची उत्तरं प्रिंटरच्या दारात पडतात.

रोज का होत नाही, याचंही उत्तर मिळालं. सगळं चालू करायच्या क्रमावर आहे. प्रिंटर आधीच जागा असेल तर विंडोज पत्ता घेताना विचारपूस करतं, पत्ता गुंतलेला दिसला की नाकारतं आणि दुसरा मागतं. पण वहिनी संगणक सकाळी लावतात आणि प्रिंटर फक्त कागद काढायच्या वेळी. म्हणजे काम संपत आलेलं, विवरणपत्र भरून झालेलं, पोच छापायची आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं, तेव्हाच तो पत्त्यावर हक्क सांगायला उठतो. "नेमकं हवं तेव्हाच जातं" हे वहिनींचं वाक्य शब्दशः खरं होतं.

दुरुस्ती: प्रिंटरचा पत्ता "आपोआप" वर टाकला. राउटरने वाटायचे पत्ते १.१०० ते १.२०० एवढेच ठेवले. त्यातला १.१२० प्रिंटरच्या मॅकसाठी राखून ठेवला, म्हणजे बाबांच्या फोनला तो रोज त्याच जागी सापडेल. बाबांनी फोनवरून पंचांगाचं पान छापून बघितलं. आलं.

२५ जून, बुधवार

वहिनींनी मुद्दाम प्रिंटर वाटेल तेव्हा लावला, बंद केला, परत लावला. ४१९९ ची नवी नोंद नाही. "आ" रकाना बंद करतो.

२७ जून, शुक्रवार

कालपासून पाऊस आणि "अ" पुन्हा सुरू. २७ च्या नोंदींची रांग, दुपारनंतर वेग १०० वर. "म्हणजे पावसाने जातं ते खरंच ना?" बाबांनी विचारलं. खरंच. पावसाचं त्यांचं निरीक्षण पक्कं होतं, फक्त पाऊस नेटवर कुठे पडतो ते शोधायचं राहिलंय. पागोळ्या जिथे गळतात तिथून केबल जाते, आता शिडी लावून तिकडेच बघायचं. उघडिपीची वाट पाहतो.

२९ जून, रविवार

सकाळी ऊन. शेजारचे आप्पाकाका वायरमन आहेत, त्यांना बोलावलं. शिडी पडवीच्या कोपऱ्याला लावली. केबल भिंतीकडे वळते तिथे काळ्या टेपचा गोळा दिसला. आत जॉइंट, दोन केबली जोडणारा प्लास्टिकचा कपलर. खालच्या बाजूची केबल लांबीला कमी पडली असेल, तेव्हा कुणीतरी जोड दिला.

टेप सोडायच्या आधी आप्पाकाकांनी दोन्ही टोकांना टेस्टर लावला. एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागले. "केबल ओके आहे रे, कशाला उगाच बदलतोस?" ते म्हणाले. टेस्टर खोटं बोलत नाही, पण तो एवढंच सांगतो की या टोकापासून त्या टोकापर्यंत तार सलग आहे. गिगाबिटचा सिग्नल त्या तारेतून धड जाईल का, हे त्याच्या परीक्षेत येत नाही. आणि आज ऊन आहे.

म्हणून केबल परत जोडली, वहिनींना माडीवर पिंगच्या खिडकीसमोर बसवलं आणि त्या टेपच्या गोळ्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. या केबलमधून कुठल्या उपकरणाला वीज दिलेली नाही, फक्त सिग्नल आहे, म्हणून हे बिनधास्त करता आलं. मिनिटभर काही नाही. मग वरून वहिनींची हाक: "गेलं! ... आलं. ... परत गेलं!" थोड्या वेळाने वेग १०० वर. आप्पाकाकांनी टेस्टर खिशात ठेवला आणि स्वतःच टेप सोडायला घेतली.

आत पाणी साचलेलं. कपलरच्या बारीक पिनांवर हिरवट थर. समुद्र जवळ, हवेत खार, आणि टेपने पाणी अडवण्याऐवजी आत धरून ठेवलं. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास नेट लंगडत का राहायचं, ते यात आलं.

पाण्याने नेमकं काय होतं ते आप्पाकाकांना सांगितलं, इथेही लिहून ठेवतो. या केबलीतली प्रत्येक जोडी पिळलेली असते, आणि दोन तारांमधलं अंतर आणि मधलं आवरण यांवर तिची १०० ओहमची प्रतिबाधा, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, ठरते. ती ठरवणारा आवरणाच्या प्लास्टिकचा गुणांक, परावैद्युत स्थिरांक, सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. तारांच्या आजूबाजूला पाणी शिरलं की तेवढ्या भागात सगळं गणित बदलतं, सिग्नल तिथून मागे परततो, विरतो. तार मात्र सलगच राहते. म्हणून टेस्टरचे आठही दिवे लागतात.

मग केबलचं टोक कापून ब्लेडने तार खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरी चकाकी. ॲल्युमिनियम. दोन-तीनदा वाकवल्यावर तुटली. अशा केबली सर्रास विकल्या जातात आणि वेष्टनावर कॅट ५ई छापलेलं असतं, पण त्या वर्गाच्या मानकाला अख्खी तांब्याचीच तार लागते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजत जातं. खाऱ्या हवेत बाहेर टांगायला याहून वाईट तार नाही.

१ जुलै, मंगळवार

नुसता जॉइंट बदलून हा पावसाळा निघाला असता. नको. केबलच बदलायची.

बाहेरच्या वापराची, पॉलिथिनच्या काळ्या आवरणाची आणि आत जेल भरलेली केबल मिळते, ती त्याच वाटेने नेता येईल. पण बाहेरून गेलेली तांब्याची तार म्हणजे विजा कडाडताना धोक्याचीच. आपल्याकडे मेअखेर आणि ऑक्टोबरात आकाश कसं फाटतं ते सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावरून येणारा फायबर काचेचा, त्यातला प्रकाश वीज वाहून आणत नाही. मग घराच्या भिंतीवरच तांबं उघड्यावर का ठेवायचं? म्हणून वाट बदलली: ओटी, माजघराच्या वरची कड, जिन्याखाली, तिथून माडीच्या फळ्यांमधून वर. लांबी थोडी जास्त, पण एक थेंबही लागणार नाही.

चिपळूणला जाऊन सुटी कॅट ६ केबल आणली. दुकानात तार खरवडून बघितली, आत-बाहेर तांबंच. दुकानदारानेही आपण होऊन दुसरं टोक कापून दाखवलं.

५ जुलै, शनिवार

दिवसभर केबल ओढायचं काम. जिन्याखाली इन्व्हर्टरची वायर आडवी येते. तिला समांतर न नेता काटकोनात ओलांडलं. वळणं मोठी ठेवली, कुठेही करकचून बांधलं नाही. भिंतीवर पांढरी पट्टी ठोकून केबल आत दडवली, कारण आईची अट होती की माजघरात लोंबतं काही दिसता कामा नये.

दोन्ही टोकं आप्पाकाकांनी क्रिम्प केली. रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधली निळी जोडी हिरव्या जोडीच्या पोटात का घालायची असं त्यांनी विचारलं. एकेक रंग ओळीने लावूनही टेस्टर पास करेल, पण मग ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या होतात आणि पिळाचा फायदाच जातो. पीळ मोकळा केला तो अर्ध्या इंचाच्या आत. मध्ये जोड कुठेही नाही.

लावल्याबरोबर १ गिगाबिट.

६ जुलै, रविवार

आषाढी. बाहेर कालपासून धो-धो. रात्रभर दोन्ही यंत्रांवर आयपर्फ, म्हणजे दोन यंत्रांमधला वेग मोजणारी आज्ञावली, चालू ठेवला होता, वेग ९४० मेगाबिटच्या आसपास स्थिर. गिगाबिटच्या जोडणीवर यापेक्षा जास्त हातात पडत नाही. २७ ची नोंद नाही. वहिनींनी उपासाची खिचडी वर आणून दिली आणि स्वतःच इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघितला. आता त्यांना कुठे काय बघायचं ते माझ्याइतकंच माहीत आहे.

११ जुलै, शुक्रवार

जीएसटीआर-१. दिवसभर सरीवर सरी. सगळी विवरणपत्रं संध्याकाळच्या आत गेली, पोचही छापल्या. फोन जोडावा लागला नाही.

२० जुलै, रविवार

३बी भरून झालं. पहाऱ्याच्या फाइलमध्ये या काळात बाहेरचे किरकोळ खंड आहेत, दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी. ते आपल्या हातातले नाहीत. संगणकापुरता पहारा आज थांबवला, लॅपटॉपवरचा ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवतो.

उरलेली कामं: पडवीखालची जुनी केबल उतरवायची. राउटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायची: वाटायचे पत्ते १.१०० ते १.२००, प्रिंटर १.१२०, यापुढे कुणीही काही नवं बसवलं तर पत्ता हाताने द्यायचा नाही. जिन्याखालच्या पट्टीचं एक टोक सैल झालंय. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय, त्यामुळे संगणकाचं पुढे काय करायचं ते गणपतीच्या आधी वहिनींशी बसून ठरवायचं.